टाका दिसेल असा रंग

नागपूर
९ जून २०२४

ती. प्रेमिलाताई,
सविनय जयभीम.

फोन केला असता, पण लोकर फोनमधून हाताला लागत नाही. म्हणून हे पाकीट.

ताई, जागा मिळाली! सदरमध्ये, एका बांगड्यांच्या दुकानाच्या वर, रस्त्याकडे खिडक्या असलेली खोली. दुपारी ती रिकामीच असते. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात खाप्याच्या घरी तुम्ही मला समोर बसवलंत आणि क्रोशाची सुई हातात दिलीत, तेव्हा आपण काय ठरवलं होतं ते आठवतं ना? दोघी जावा मिळून क्लास काढू. सासूबाई किती हसल्या होत्या! "जावाजावा अन् उभा दावा, तुम्ही कायचा क्लास काढता वं?" आज त्या असत्या तर हात धरून जिना चढवला असता.

पण आपल्याला येणं वेगळं आणि दुसऱ्याला शिकवायचं सामान घेणं वेगळं, हे बर्डीवरच्या दुकानात गेल्यावर कळलं. दुकानदार म्हणाला, "कौनसा ऊन चाहिए मॅडम?" आणि समोर एवढे गोळे मांडले की डोकं गरगरलं. चार नमुने कागदाला टाचून पाठवते आहे. काळी चकचकीत लोकर, गुलाबी केसाळ, टेबलक्लॉथचा बारीक दोरा आणि ही साधी सायीच्या रंगाची. सुया स्टीलच्या बारीक आहेत, रंगीत अॅल्युमिनियमच्या आहेत, प्लास्टिकच्या आणि लाकडाच्याही आहेत. येणाऱ्या बायकांनी कधी सुई धरलेली नाही. त्यांच्या हातात काय द्यायचं ते तुम्हीच सांगा.

आणि लग्नात तुम्ही मला विणून दिलेला तो मोठा गोल रुमाल क्लासच्या भिंतीवर लावला तर चालेल ना? पिंटूचे बाबा म्हणतात, चौकटीत घालू.

तुमची धाकटी जाऊ,
उत्तरा


खापा
१६ जून २०२४

चि. उत्तरास,
सप्रेम जयभीम.

तुझं पाकीट उघडलं आणि हातातलं पीठ तसंच राहिलं. आमचे हे, तुझे भासरे, म्हणाले, "भाकरी करून राहिली का लोकर चोळून राहिली?" म्हटलं, आज दोन्ही.

आता ऐक. काळ्या लोकरीला हात लावू नकोस. काळ्यात टाका दिसत नाही. सुई कुठं घालायची तेच दिसलं नाही, की नवीन बाई म्हणते माझे डोळे गेले, आणि ती जी घरी जाते ती परत येत नाही. शिकवायला टाका दिसेल असा रंग पाहिजे. ही सायीच्या रंगाची बरोबर आहे, फिकी पिवळीही चालेल. पांढरीशुभ्र घेऊ नको, पहिल्याच दिवशी घामानं मळते आणि बाई उगाच लाजते.

गुलाबी केसाळ लोकर मऊ लागते म्हणून सगळ्या तीच मागतील. देऊ नकोस. तिचे केस एकमेकांत अडकतात, चुकलं की उसवत नाही. आणि नवीन हातानं तर विणण्यापेक्षा उसवायचंच जास्त असतं. बारीक दोऱ्याचं काम पुढच्या वर्षी.

सुई अॅल्युमिनियमची, पाच नंबरची, मधे अंगठा टेकवायला चपटी जागा असलेली. प्लास्टिकची वाकते. लाकडाची दिसायला छान, पण नवीन बाया जीव मुठीत धरून लोकर आवळतात, मग ती लाकडावर सरकत नाही. माझी पहिली सुई तर तुझ्या भासऱ्यांच्या सायकलच्या तारेची होती, घासून घासून केलेली. सायकल महिनाभर डगडग चालली, पण मी साखळी शिकले.

बसायचं कसं तेही सांगते. मी डावरी, तू उजवी, म्हणून मी तुला समोर बसवलं. तू माझ्याकडे आरशासारखं बघून शिकलीस. पण तुझ्या क्लासात तू उजवी आणि बाया उजव्या, त्या समोर बसल्या तर सगळं उलटं दिसेल. त्यांना शेजारी बसव. समोर फक्त डावरीला बसवायचं. मी आले की आपली सोय होईल, तू शेजारच्यांना बघ, मी समोरच्यांना.

रुमाल खुशाल लाव. फक्त लोकांना सांग की तो डाव्या हाताचा आहे. माझं गोल काम घड्याळाच्या काट्यांसारखं फिरतं, तुझं त्याच्या उलट. दोन्ही शेजारी ठेवले तर टाके वाचता येणारी कोणीही ओळखेल.

एक सांगू? हसू नकोस. या घरात मला सगळं मिळालं. वहिनी झाले, काकी झाले, आता आजीही होईन. पण शाळेत पोरं कशी "बाई, बाई" करत मागे धावतात, तसं कोणी एकदा मला बाई म्हणावं असं फार वाटतं. आठवीच्या पुढे शिकले असते तर झालेही असते. आता तुझ्यामुळे होईन. दोन खुर्च्यांना दोन गवसण्या विणायला घेतल्या आहेत, एक तुझ्या खुर्चीची आणि एक माझ्या. कधी येऊ ते कळव.

तुझी,
प्रेमिलाताई


नागपूर
२१ जुलै २०२४

ती. ताई,
सप्रेम नमस्कार.

क्लास सुरू झाला. सगळं तुम्ही सांगितलं तसंच घेतलं. सायीच्या रंगाची लोकर, पाच नंबरची सुई. एका बाईनं हट्टानं घरून काळी लोकर आणली होती. दोन दिवस डोळ्यांजवळ धरून बसली, मग स्वतःच म्हणाली, "मॅडम, वो वाला दे दो." मला इतकं हसू आलं! त्यांना वाटलं मॅडमना किती अनुभव आहे.

तुमच्या येण्याचं म्हणाल तर ताई, जिना फार उभा आहे. तुमच्या गुडघ्याला तो झेपायचा नाही. शिवाय पावसात खाप्याहून रोजचं येणं-जाणं म्हणजे हाल. दिवाळीपर्यंत जरा जम बसू द्या. या सदरच्या बायका आहेत, कोणाचा नवरा बँकेत, कोणाचा स्वतःचा दवाखाना. त्यांचं जरा वेगळं असतं.

सावनेरहून एक कॉलेजची मुलगी येते, श्वेता. ती डावरी आहे. समोर बसवली तरी तिचं जमत नाही. काय करू?

आपली,
उत्तरा


खापा
४ ऑगस्ट २०२४

चि. उत्तरास,
जयभीम.

माझ्या गुडघ्याची काळजी तुला आहे, वाचून बरं वाटलं. इथे कोणाला नाही. पण अगं, मी सांडगे वाळवायला गच्चीवर चढतेच की! जिन्याचं तू मनावर घेऊ नकोस.

त्या श्वेताला समोर बसवलंस ते बरोबर केलंस. पण तू भराभर करत असशील, तुझी सवय मला माहीत आहे. तिची नजर तुझ्या हातावर आणि तुझी नजर तिच्या हातावर पाहिजे. तिला सांग, घाई नाही. डावऱ्या पोरींना लहानपणापासून हातावर मारलेलं असतं, म्हणून त्या सुई चोरासारखी धरतात. मलाही आजोळी असंच मारलं होतं. तिला माझ्यासाठी ठेव.

तुझे भासरे कामाला नागपूरला आले होते, त्यांच्याजवळ दोन्ही गवसण्या पाठवल्या, त्या पोचल्याच असतील. घरी येऊन हे म्हणाले, "शिकवणारीची खुर्ची तं एकच दिसली." मी म्हटलं, दुसरी घ्यायची असेल अजून, नवीन संसार आहे. गवसणीच्या कडेला निळी किनार आहे ती माझी आणि पिवळी तुझी.

दसऱ्याला आम्ही दरवर्षीप्रमाणे दीक्षाभूमीवर येऊच. दुसऱ्या दिवशी क्लासवर येते. डावरीला तेव्हाच बघते.

तुझी,
प्रेमिलाताई


नागपूर
२९ सप्टेंबर २०२४

ती. ताईंना नमस्कार.

घाईत लिहिते. दसऱ्याला क्लास चार दिवस बंद ठेवणार आहे. किल्लीही मालकाकडे असते. तेव्हा गर्दीतून सदरला येण्याचा त्रास घेऊ नका. मीच सवडीनं खाप्याला येऊन जाईन. गवसण्या फार छान बसल्या.

उत्तरा


खापा
२० ऑक्टोबर २०२४

उत्तरा,
जयभीम.

आठवडाभर लिहू का नको करत होते. तुझे भासरे म्हणतात, सोडून दे. पण न बोलता राहिले तर मी आतून कुजेन, म्हणून लिहिते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी सदरला आले, कारण मला पाटी बघायची होती. म्हटलं, बंद दार तर बंद दार, आपल्या क्लासची पाटी तरी डोळे भरून पाहू. सोबत सायीच्या लोकरीचे गोळे होते, इथल्या दुकानात बरे मिळाले म्हणून घेतलेले, आणि तुझ्यासाठी जवसाची चटणी. पाटी दिसली. तुझं एकटीचं नाव होतं. तरी मी म्हटलं, माझं नाव लांब आहे, मावलं नसेल. बघ, माणूस स्वतःला कसं समजावतं!

मग वर हसण्याचा आवाज आला. जिन्यावर चपला. जिना काही उभा नव्हता गं. दारात उभी राहिले तर तू मधे बसलेली, बाया शेजारी बसलेल्या, मी लिहिलं होतं तशा. मला इतकं बरं वाटलं की क्लास बंद असल्याचं तू लिहिलं होतंस हेच विसरले.

एका बाईनं विचारलं, "कौन है मॅडम?" तू माझ्याकडे पाहिलंस. दीक्षाभूमीसाठी नेसलेल्या माझ्या पांढऱ्या साडीकडे पाहिलंस, पायांवरच्या धुळीकडे पाहिलंस. आणि म्हणालीस, "काही नाही, गावाकडची बाई आहे. लोकर घेऊन आली."

मी पिशवी कोपऱ्यात ठेवली. तू सांगितलंस ना, ठेवा तिथे, म्हणून ठेवली. एक वेणीवाली पोरगी उठली, "बसा ना बाई" म्हणाली, आपली खुर्ची पुढे केली. तीच श्वेता असेल, सुई डाव्या हातात होती. तर तू म्हणालीस, त्यांना बस पकडायची आहे.

वळताना भिंतीवर माझा रुमाल दिसला. काचेची चौकट सुंदर आहे. खाली कागद होता, "उत्तरा मॅडम यांची पहिली कलाकृती". पिवळ्या किनारीची गवसणी तुझ्या खुर्चीला होती. निळी पाण्याच्या जारखाली होती, ओली.

उत्तरा, तुला खुर्ची द्यायची नव्हती तर नसती दिलीस. ताई, क्लास मी एकटीच चालवते, एवढं लिहायचं होतं. मी चार दिवस रुसले असते आणि मग तुला लोकरीचं सगळं सांगितलंच असतं. पण तू मला ओळख दिली नाहीस. वीस माणसांच्या घरात तू नवीन सून आलीस तेव्हा चुलीमागे रडत होतीस, तेव्हा तुझ्या हाताला काहीतरी चाळा मिळावा म्हणून मी ती सुई दिली होती. फार लागलं गं मला.

आणि ती पांढरी साडी. कशामुळे घाबरलीस, त्या साडीमुळे? मग तुझी जुनी पत्रं काढून बघितली. पहिल्या पत्रात जयभीम आहे, दुसऱ्यापासून नाही. टाका कधी गळाला ते विणताना कळत नाही, काम वाकडं झाल्यावर कळतं. घरातल्या घरात, मला लिहितानाही तू तो गाळायला लागलीस?

मला कोणीतरी बाई म्हणावं असं वाटत होतं. तू म्हणालीस. इच्छा पूर्ण झाली.

प्रेमिला


नागपूर
१७ नोव्हेंबर २०२४

ती. ताईंना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून खूप रडले. पण तुम्हीही समजून घ्या. पहिल्याच दिवशी या बायकांनी विचारलं, तुम्ही कुठून शिकलात, सर्टिफिकेट कुठलं? आठवी शिकलेल्या माझ्या जाऊबाईंनी ओट्यावर शिकवलं असं सांगितलं असतं तर एक तरी थांबली असती का? म्हणून बोलून गेले की मी एकटीच शिकले, हा रुमालही माझाच. एकदा बोलल्यावर मागे कसं घेणार? तुम्ही दारात अचानक उभ्या राहिलात आणि माझी जीभच वळली नाही. साडीचं तुम्ही उगाच मनात आणलं. इथे भाड्यानं राहायचं, माणसं जोडायची, त्यात आपण काय कोण ते प्रत्येकाला कशाला सांगायचं, एवढंच माझं म्हणणं.

शिक्षाही मिळाली मला. गेल्या आठवड्यात सगळ्यांना बशी झाकायचा गोल बशीपोस विणायला दिला होता. श्वेतानं तिचा पूर्ण केला आणि भिंतीजवळ नेऊन त्या रुमालाशी लावला. म्हणाली, "मॅडम, हा माझ्यासारखा फिरते. तुमचा तं उलटा फिरते. हा डाव्या हाताचा आहे ना?" सगळ्या उठून चौकटीपाशी गेल्या. एकेक टाका बोटानं मोजायला लागल्या. तुम्ही सांगितलेल्या लोकरीवर शिकल्या, म्हणून त्यांना टाके वाचता येतात ताई! मी म्हटलं, तेव्हा माझा उजवा हात मोडला होता. दवाखान्यावाल्यांची बायको हसली. श्वेता तेव्हापासून येत नाही. बाकीच्या येतात, पण बोलत नाहीत.

जानेवारीत आम्ही प्रदर्शन ठेवलं आहे. एकदा तुम्ही या. तुमच्यासाठी खुर्ची घेते. सगळ्यांसमोर एवढंच म्हणा, की तो रुमाल आपण दोघींनी मिळून विणला. एका वाक्याचा प्रश्न आहे. आणि तसाच आणखी एक रुमाल प्रदर्शनात ठेवायचा आहे, त्याचा मधला भाग मला जमत नाही. तुम्ही घरी विणून पाठवलात तर दोघींचं नाव लावू. माझं वर, तुमचं खाली.

रागावू नका. शेवटी आपण एका घरच्या.

उत्तरा


खापा
५ जानेवारी २०२५

उत्तरा,
जयभीम.

पत्राला उशीर झाला, कारण सवड नव्हती. क्लास असतो.

दिवाळीनंतर एका दुपारी श्वेता सावनेरच्या बसमधून इथे उतरली. कोपऱ्यात ठेवलेल्या त्या पिशवीवर इथल्या दुकानाचं नाव छापलेलं होतं, ते तिनं वाचलं होतं. स्टँडवर विचारत सुटली, "डाव्या हातानं क्रोशिया करणारी कोण आहे जी?" लोकांनी घर दाखवलं. मी धान्य पाखडत होते. तिनं पिशवीतून तिचा बशीपोस काढला आणि म्हणाली, "बाई, मले शिकवा."

मी आधी नाहीच म्हटलं. तुझ्यानंतर कोणाला समोर बसवायची मला भीतीच वाटत होती. तुला खोटं कशाला सांगू? तुझं पत्र आलं त्या दिवशी मनात आलं होतं, हिला आता लिहावं की पुढच्या बायांना काळी लोकर घे, केसाळ घे, बारीक सुया घे. तू घेतलीही असतीस. पण त्या बायांनी माझं काय घोडं मारलं होतं?

ती पोरगी परत आली, तिची मैत्रीण आली, मग इथल्या सुना आल्या. आता विहारात दुपारी सतरंजी टाकतो. सायीचीच लोकर, पाच नंबरचीच सुई. उजव्या समोर बसतात, श्वेता माझ्या शेजारी बसते. आमच्या दोघींचे हात एकाच दिशेला जातात.

तुझ्या वाक्याचं. दोघींनी विणला असं मी म्हणणार नाही. रुमालाचा मधला भाग मला येतो तसा तुला मी शिकवला होता, तू कंटाळून उठली होतीस. तो विणून पाठवणार नाही. तो तुला यायचा असेल तर चुकलेल्या टाक्यापर्यंत उसवायला लागेल. वरून गाठ मारून पुढे जायचं म्हणतेस, पण क्रोशाच्या कामात गाठ बोटाला लागतेच, कितीही लपवली तरी. तुझ्या बायांना आता टाके वाचता येतात. तुला खाली बघायला लागतं, याचं मला बरं वाटत नाही, वाईटही वाटत नाही. पहिल्यांदा वाईट वाटत नाही याचंच वाईट वाटलं.

रुमाल परत नको. लग्नात दिलेला आहेर आहे, दिलेलं परत घेत नसतात. फक्त त्याच्याखालचा कागद काढ. आणि जारखालची ती निळ्या किनारीची गवसणी धुवून पाठव. विहारातल्या मंडळींनी मला खुर्ची दिली आहे, ती उघडी दिसते.

शेवटी आपण एका घरच्या, म्हणतेस. खरं आहे. सणावाराला ये, जेवून जा, तुला वाढताना माझा हात आखडणार नाही. घरात मला ताई म्हण. पण बाई म्हणायचं असेल, तर विहारात येऊन सगळ्यांच्या देखत समोर बसावं लागेल.

प्रेमिला